बोलीआधीची साईटपाहणी (अमेरिकी सरकारी बांधकाम)

सरकारी बांधकामाचं टेंडर भरण्याआधी ठेकेदाराने साईट बघून, अडचणींचा अंदाज घेऊनच रेट टाकायचा, ही जबाबदारी. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कामांसाठी ती फेडरल ॲक्विझिशन रेग्युलेशनच्या (सरकारी खरेदीचे नियम, १९८४पासून लागू) ५२.२३६-३ या कलमात आहे. मालाची ने-आण, मजूर, वीजपाणी, रस्ते, हवामान, नदीची पातळी, भरती-ओहोटी, जमिनीखालचे थर असं सगळं त्यात येतं. साईटवर गेलाच नाही म्हणून सुटका होत नाही, गेला असता तर जे दिसलं असतं ते त्याला माहीत होतं असंच धरतात.

जुना नियम कडक होता, ठरल्या रकमेत काम घेतलं की ते अवघड निघालं तरी भुर्दंड ठेकेदाराचाच. त्याला पहिली मोठी खीळ बहुधा १९१४च्या हॉलरबाख खटल्याने बसली. केंटकीत ग्रीन नदीवरच्या बंधाऱ्याची दुरुस्ती होती, स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं की बंधाऱ्यामागे फुटका दगड, लाकडाचा भुसा आणि गाळ आहे, आणि खणल्यावर निघाले दगड भरलेले ओंडक्यांचे सांगाडे! बोलीदाराने स्वतः खात्री करावी अशी अट असूनही सुप्रीम कोर्टाने ठेकेदाराला न्याय दिला, कारण सरकारने ठामपणे सांगितलेलं त्याने खरं धरलं होतं. १९१५च्या क्रिस्टी खटल्यात बोअरिंगच्या (जमिनीत भोकं पाडून थर तपासण्याच्या) नकाशांतून गाडलेले ओंडके गायब होते. १९१८चा स्पिअरिन खटला ब्रुकलिनच्या नौदल गोदीतला, तिथे गटाराच्या आतला बांध सरकारी नकाशात नव्हता, १९०६मध्ये मोठा पाऊस आणि भरती एकदम आली, गटार फुटलं आणि ड्रायडॉकच्या (जहाज दुरुस्तीच्या कोरड्या गोदीच्या) खड्ड्यात पाणी शिरलं. साईट बघा एवढ्या सर्वसाधारण अटीने सरकारी नकाशाची जबाबदारी संपत नाही, असं न्या. ब्रँडाईस यांनी लिहिलं.

साधारण १९२६-२७च्या सुमारास सरकारी करारांत बदललेल्या परिस्थितीचं कलम आलं (आजचं ५२.२३६-२), म्हणजे साईटवर वेगळंच काही निघालं तर ठेकेदाराला रक्कम आणि मुदत वाढवून मिळते. ते या निकालांतूनच आलं असं एक मत. पण निकालांनी सोडवला तो सरकारने चुकीचं सांगितल्याचा प्रश्न, कलम मात्र कोणीच न सांगितलेल्या, पण त्या भागात सहसा न सापडणाऱ्या परिस्थितीलाही लागू होतं. त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं, की जमिनीखालच्या भीतीपोटी ठेकेदार बोलीत आधीच जादा पैसे धरायचे ते थांबवायचं होतं. १९७०च्या फॉस्टर निकालात कोर्टानेही कलमाचा हेतू असाच सांगितला.

पाहणी किती करायची? नेहमीचा जाणता ठेकेदार करेल तेवढी. स्वतःच्या खर्चाने बोअर मारणं किंवा भूगर्भतज्ज्ञ आणणं सहसा अपेक्षित नसतं, पण सरकारने केलेल्या बोअरिंगची माहिती बघणं अपेक्षित असतं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष ठेकेदाराचा स्वतःचा. वेगळं काही निघालं तर ते हलवण्याआधी लेखी कळवावं लागतं, दावे बरेचदा इथेच अडकतात.

भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या टेंडर नोटिशीतही साईट आणि शक्य तितकी जमिनीखालची माती बघून घ्या असं असतं, आणि बघा किंवा न बघा, पूर्ण माहिती होती असं मानतात. मात्र खोदाईत माती-मुरूम आणि कठीण खडक यांचे रेट वेगळे असले, की जमिनीची बरीचशी जोखीम मोजमापातच निघून जाते.