स्ट्रोकरमधला पिस्टन क्लिअरन्स आणि 'इंचाला एक थाऊ'ची पार्श्वभूमी

स्ट्रोकर म्हणजे ब्लॉक तोच ठेवून लांब थ्रोचा क्रँक घातलेलं इंजिन, त्यात पिस्टनची वर-खाली धाव (स्ट्रोक) वाढते, यावर जास्त बोलत बसत नाही. इथे विषय स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) आणि बोअर (पिस्टन चालतो ते सिलिंडरचं भोक) यांच्यामधल्या दोन-चार थाऊंचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांचा आहे, ज्यावरून मशीनशॉपवाला आणि इंजिन बांधणारा यांचं आजही वाजतं.

मागचं थोडक्यात. सुरुवातीला पिस्टन बिडाचा आणि बोअरही बिडाचाच, दोघं सारखेच फुगायचे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन रुळायला लागले, ते बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतात, म्हणजे ढिला बसवला तर गार इंजिनात खडखडाट आणि घट्ट बसवला तर तापल्यावर सीझ. मग स्कर्टला चिरा पाडल्या, आत स्टीलच्या पट्ट्या ओतल्या, पुढे पिस्टन किंचित अंडाकृती आणि वर-खाली पिंपासारखा घासायला लागले. हा आकार लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

स्ट्रोकरचं वेडही जुनंच. १९४९च्या मर्क्युरी गाडीचा ४ इंची स्ट्रोकचा क्रँक फ्लॅटहेड फोर्ड इंजिनाच्या ३.७५ इंची स्ट्रोकच्या ब्लॉकात घालायचे. पण शॉपशॉपमध्ये स्ट्रोकर पोचवला तो स्मॉल ब्लॉक शेवीच्या (शेव्हरोलेचं लहान V8) ३८३ने, हे आकडे घनइंचातले. ३५० ब्लॉक ३० थाऊ रिबोअर करायचा, १९७०ला आलेल्या ४००चा ३.७५ इंची क्रँक घ्यायचा, त्याचे मेन जर्नल (क्रँक ब्लॉकात ज्यावर फिरतो ते गोल भाग) २.६५ इंचावरून २.४५वर घासायचे, झालं. जागा मात्र पिस्टनला सोडावी लागली. रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) ५.७ इंचीच ठेवला तर कॉम्प्रेशन हाइट (गजन पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर) १.५६ वरून १.४२५वर येते, रॉड ६ इंची घेतला तर थेट १.१२५, तिथे बहुतेक वेळा ऑइल रिंगची खाच गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) भोकातच घुसते आणि रिंगखाली आधाराची पट्टी, म्हणजे सपोर्ट रेल, टाकावी लागते. ५.७च्या रॉडवर रॉड रेशो (रॉडची लांबी भागिले स्ट्रोक) १.६४ वरून १.५२वर उतरतो, म्हणजे पिस्टन भिंतीवर जास्त रेलतो, त्यात स्कर्ट आखूड, तोही खालच्या टोकाला थोडा बोअरबाहेर डोकावतो. अशा पिस्टनला डुलायला फार जागा देऊन चालत नाही आणि घट्ट बसवायचीही भीती, दोन्हीकडून पेच.

त्यात फोर्जिंगच्या (दाबून घडवलेल्या पिस्टनच्या) दोन अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंनी भर घातली. ४०३२मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के, म्हणून तो कमी फुगतो आणि ४ इंची बोअरवर दोन-तीन थाऊत भागतं. २६१८मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच, तो चिवट, डेटोनेशनचा (इंधनाच्या बेताल भडक्याचा) मार सोसतो पण फुगतो जास्त, त्याला चार आणि टर्बो असेल तर त्याहून जास्त. कास्ट हायपरयुटेक्टिकचं (ओतीव, सिलिकॉन आणखी जास्त) काम दीड-दोन थाऊत होतं. आता सांगा, 'बोअरच्या दर इंचाला एक थाऊ' हा सरसकट हिशोब या तिघांना एकदम लागू कसा पडणार? तरी लोक तोच धरून होनिंग (बोअर दगडाने घासून नेमक्या मापाला आणणं) सांगतात, आणि हे मला अजिबात पटत नाही.

पण खरा घोळ आकड्यात नाही, मोजायच्या जागेत आहे. पिस्टन पिनला ९० अंशात मोजायचा एवढं सगळे म्हणतात, पण किती उंचीवर? कोणी स्कर्टच्या खालच्या कडेपासून अर्धा इंच वर सांगतो, कोणी ऑइल रिंगच्या जरा खाली, कोणी पिनच्या मध्यरेषेवर, आणि प्रत्येकाची क्लिअरन्स त्याच्या त्याच जागेपुरती खरी असते. समजा ठरलेल्या जागी माप ४.०२६५ आहे आणि क्लिअरन्स साडेतीन थाऊ हवाय, तर बोअर ४.०३०० पाहिजे. कोणी मायक्रोमीटर वरच्या निमुळत्या भागावर लावला, ४.०२५० वाचलं, बोअर ४.०२८५ला होन केला, तर कागदावर साडेतीन पण प्रत्यक्षात दोनच थाऊ उरले. २६१८ असेल तर पहिल्याच लांब फुल थ्रॉटलला स्कर्टवर चरे. मग दोष पिस्टनच्या नावावर जातो, मोजायची जागा सांगणारा पिस्टनसोबतचा कागद मात्र खोक्यातच पडून असतो. निम्मे 'खराब पिस्टन' याच कहाणीतले असावेत असं माझं ठाम मत आहे.

कोटिंग आल्यापासून हे आणखी चिघळलंय. स्कर्टवरचा थर बाजूला अर्धा थाऊ धरला तरी व्यासात एक थाऊ झाला, तो मोजायचा की नाही? काही पिस्टनवर कोटिंगमध्ये मुद्दाम उघडी टिकली सोडलेली असते, माप तिथे घ्यायचं. काही कंपनी-फिट पिस्टनची क्लिअरन्स कोटिंगवरून मोजली तर शून्याच्याही खाली भरते आणि ते बरोबर असतं, कारण थर वापरात झिजून बसेल असाच धरलेला असतो. त्या आकड्याकडे बघून साध्या फोर्ज्ड पिस्टनला घट्ट होन करणं म्हणजे इंजिन मारणंच.

टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून होन करणं आता बऱ्याच ठिकाणी होतं, चांगलंच आहे, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर वाकडा होतो. तापमानाकडे मात्र अजून दुर्लक्ष होतं. ४ इंची अ‍ॅल्युमिनियम पिस्टन १० अंश सेल्सिअसने तापला की जवळपास एक थाऊ वाढतो. होनिंग करून ब्लॉक कोमट आणि पिस्टन गार, किंवा पिस्टन उन्हातून उचललेला आणि ब्लॉक सावलीतला, अशा वेळी बोअर गेजवरचा अर्ध्या थाऊचा वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजा.