छिद्रे बुजवत आलेले चाक: ट्यूबलेसची पार्श्वभूमी

पावसाळा सरला की लळिंगच्या डोंगराकडे, सातपुड्याच्या पायथ्याला किंवा तापीकाठच्या शेतरस्त्यांवर सायकल नेणाऱ्याला दोन काट्यांचा हिशेब ठेवावा लागतो. एक बाभळीचा, लांब आणि सरळ आत शिरणारा, दुसरा सराट्याचा. सराटा ही जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची वनस्पती. तिचे फळ वाळले की त्याचे तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. हीच वनस्पती अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशातही पसरलेली आहे आणि तिथले सायकलस्वारही तिच्यामुळे आपल्याइतकेच जेरीस आलेले असतात. नव्या माउंटन बाइकच्या चाकातून ट्यूब काढून त्यात टेप, व्हॉल्व्ह आणि पांढरा द्रव बसवण्याची ही ‘ट्यूबलेस’ पद्धत समजून घेताना हा काटा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी 1845 मध्ये घेतले होते. पण तो टायर प्रत्यक्ष वापरात आला तो 1887-88 मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेची रबरी नळी बसवली तेव्हा. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढणे हे तासन्‌तासांचे काम होते. 1891 मध्ये मिशलाँ बंधूंनी सुटा होणारा टायर आणला आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे 1200 किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यांनी त्याच टायरवर जिंकली. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधायचा, तिथे घासून सोल्युशन लावायचे आणि ठिगळ दाबायचे, ही आपल्या चौकाचौकांतली पद्धत त्या सुट्या टायरमुळेच शक्य झाली.

मोटारीची ट्यूब त्या मानाने लवकर गेली. अमेरिकेत गुडरिच कंपनीने 1947 मध्ये ट्यूबविरहित टायर जाहीर केला आणि 1955 पर्यंत तिथल्या नव्या मोटारी असेच टायर घेऊन कारखान्यातून बाहेर पडू लागले. मग सायकलीला आणखी चार दशके का लागली? उत्तर आपल्या रस्त्यावरच्या मोटारसायकलींकडे पाहिले तरी मिळते. अलॉय व्हीलच्या गाडीला ट्यूबलेस टायर सहज बसतो, पण तारांच्या म्हणजे स्पोकच्या चाकाला बहुतेक वेळा ट्यूबच असते, कारण प्रत्येक तार रिममध्ये एका छिद्रातून अडकवलेली असते आणि त्या छिद्रातून हवा निघून जाते. सायकलीच्या रिमला अशी 28 किंवा 32 छिद्रे असतात. माझ्या मते ट्यूबलेस सायकलचा इतिहास हा खरे तर टायरचा इतिहास नाही; तो ही छिद्रे कशी बुजवावीत याचा आहे.

पहिले पक्के उत्तर 1999 मध्ये माव्हिक, हचिन्सन आणि मिशलाँ या फ्रेंच कंपन्यांनी मिळून दिले. त्यांनी तारा रिमच्या आसाकडच्या भिंतीतच अडकवल्या, टायरकडची भिंत अखंड ठेवली आणि तिच्या मापाला घट्ट बसणारे टायर बनवले. पद्धत भरवशाची होती. मात्र रिम महाग, टायर जड, आणि दोन्ही एकमेकांसाठीच घडवलेले असल्याने जुन्या चाकाच्या मालकाला त्याचा फारसा उपयोग नव्हता.

दुसरे उत्तर साध्या हातांचे होते आणि टिकले तेच. न्यूयॉर्क राज्यातील स्टॅन कोझियाटेक यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या कंपनीने नेहमीच्याच रिमची छिद्रे पट्टीने झाकून टायरमध्ये लॅटेक्सचा द्रव घालण्याची पद्धत रुजवली. रुईचे पान तोडल्यावर येणारा चीक हवेवर घट्ट होतो, तसेच काहीसे इथे होते: काटा घुसला की आतली हवा द्रवाला छिद्राकडे ढकलते, द्रवातले बारीक कण तिथे अडकतात आणि लॅटेक्स गोठून बूच बसते. पुढे रिम आणि टायरच्या कडा या पद्धतीला जुळतील अशा घडवल्या जाऊ लागल्या. म्हणूनच आज अनेक नव्या माउंटन बाइकवर ‘ट्यूबलेस रेडी’ असे लिहिलेले असते, पण आत ट्यूबच निघते.

चाक बसवताना हा सारा इतिहास हाताखालून जातो. रिम पुसून कोरडी केल्यावर टेप ताणून, अंगठ्याने दाबत लावावी लागते. एका तारेपाशी सुरकुती राहिली तरी हवा तिथून वाट काढते. व्हॉल्व्हची पिन काढून एकदम जोरात हवा मारली की टायरच्या कडा टक्‌टक्‌ आवाज करत रिममध्ये बसतात. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर यासाठी उत्तम. मात्र त्याची नळी सायकलीच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर खिशात हवाच. मग द्रव घालून चाक फिरवायचे आणि दोन्ही अंगांवर थोडा वेळ आडवे ठेवायचे. ट्यूब नसल्याने ती दगड आणि रिम यांच्यात चिमटून फाटण्याची भीती उरत नाही, त्यामुळे हवा कमी ठेवता येते आणि खडकाळ उतारावर टायर जमीन धरून राहतो.

खानदेशात एका गोष्टीचे भान वेगळे ठेवावे लागते. द्रवातले पाणी उडून गेले की तो निकामी होतो, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. थंड प्रदेशात अनेक महिने टिकणारा द्रव इथे उन्हाळ्यात लवकर आटतो, तेव्हा दर महिन्याला चाक कानाशी धरून हलवावे आणि आत खळखळ ऐकू येते का ते पाहावे. टायर चिरलाच तर पिशवीतली जुनी ट्यूब अजूनही उपयोगी पडते. मात्र ती घालण्यापूर्वी टायर आतून फडक्याने चाचपून घ्यावा लागतो, कारण द्रवाने गुपचूप बुजवलेले सराटे तिथे तसेच रुतलेले असतात. मागच्या हिवाळ्यात माझ्या एका टायरमधून असे अकरा निघाले.