जुनं गाणं आधी उतरवू नका : प्ले न गमावता स्ट्रीमिंगवरचं गाणं बदलताना

डिस्ट्रिब्युटर (आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) बदलायचा असला किंवा चुकीची फाइल चढली असली, की पहिला विचार येतो जुनं गाणं काढून नवं टाकायचा. तसं केलं तर प्ले शून्यावर येण्याची भीती असते, लोकांच्या प्लेलिस्टमधूनही गाणं गळतं. यात पैशाचाही प्रश्न आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० प्ले झाल्याशिवाय त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. लहान भजनी मंडळाला हा आकडा पुन्हा गाठणं सोपं नाही.

फक्त कव्हरचं चित्र, श्रेय किंवा नावातली चूक सुधारायची असेल, तर गाणं पुन्हा चढवायची गरजच नाही. आहे त्याच डिस्ट्रिब्युटरकडून दुरुस्ती करून घ्या.

कोड तोच, आवाज तोच

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो. हा कोड आणि आवाज तोच राहिला, तर जुने प्ले नव्याने चढवलेल्या गाण्याशी जुळतात. भारतातल्या नोंदणीचा कोड आय-एनने सुरू होतो. काही परदेशी डिस्ट्रिब्युटर क्यू-झेडने सुरू होणारा कोड देतात, तोही तितकाच वैध आहे. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या डॅशबोर्डवरून, म्हणजे तिथल्या तुमच्या खात्यातून, हा कोड लिहून घ्या आणि नव्या अर्जात स्वतः भरा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो : रकाना रिकामा राहिला की सिस्टिम नवा कोड बसवते आणि गाणं नवं ठरतं. अल्बमचा यूपीसी, म्हणजे अख्ख्या अल्बमचा कोड, वेगळा असतो. नवा डिस्ट्रिब्युटर जुना यूपीसी घेत नसेल तर नवा चालतो, कारण प्ले जुळतात ते रेकॉर्डिंगवरून.

फाइलही तीच हवी : मूळ वेव्ह, किमान १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. अभंगाच्या शेवटी टाळ विरल्यावरची दोन सेकंदांची शांतता कापली, तरी जुळणी अडू शकते. मोबाइलवरून फिरत आलेली एमपीथ्री नकोच.

गाण्याचं नाव, कलाकार, भाषा अक्षरशः पूर्वीसारखी भरा. आपल्याकडे एक खास अडचण येते. जुन्या रिलीजवर मंडळाच्या रोमन नावात ‘बेलगाम’ असेल, तर आत्ता ते ‘बेळगावी’ करू नका. तशी दुरुस्ती जुळणी झाल्यावर करता येते. मूळ प्रकाशनाची तारीखही जुनीच टाका.

क्रम

नवं चढवा, जुनं राहू द्या. दोन्ही दिसू लागल्यावर स्पॉटिफायवर दोन्हीखालचा आकडा बघा. एकासमोर १८,४०० आणि दुसऱ्यासमोरही १८,४०० दिसलं, म्हणजे जोडणी झाली. याला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. हजाराच्या आतल्या गाण्याला नेमका आकडा दिसत नाही, त्यामुळे तिथे स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स हे कलाकारांसाठीचं पान उघडून पाहावं लागतं. खात्री झाल्यावरच जुन्या डिस्ट्रिब्युटरकडे टेकडाउनची, म्हणजे जुनं गाणं उतरवण्याची, विनंती करा.

यूट्यूबचा कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओत वाजलेलं आपलं गाणं ओळखून त्यावर दावा लावणारी सोय) मात्र दोन्ही डिस्ट्रिब्युटरकडे एकाच वेळी चालू ठेवू नका. एकाच रेकॉर्डिंगवर दोघांचा दावा आला की वाद लागतो. नव्याकडे चालू करण्याआधी जुन्याकडचा बंद करून घ्या. जुन्या ऑडिओवर लोकांनी केलेल्या रील्सचा आवाज टेकडाउननंतर बंद पडू शकतो, हेही मंडळातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा.

मिक्सच बदललं असेल तर

मृदंग नव्याने वाजवला, कडवं वाढवलं, आवाज पुन्हा गायला : हे नवं रेकॉर्डिंग आहे आणि त्याला नवा आयएसआरसीच हवा. मंडळांची गाणी चढवून देताना जुना कोड चिकटवून प्ले ओढून आणायचं काम आम्ही करत नाही. नियमात ते बसत नाही, आणि कोणता आवाज कोणाचा याचा हिशोबही बिघडतो. नवी आवृत्ती वेगळी चढवावी आणि जुनीही राहू द्यावी, असं आमचं मत आहे.

तुमच्या यूट्यूब चॅनेलवरच्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही. पुन्हा अपलोड केलात तर व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात. सुरुवात-शेवटचा नको असलेला भाग यूट्यूबच्याच एडिटरमध्ये कापता येतो, लिंक आणि व्ह्यूज तेच राहतात.

शिवजयंतीच्या चित्ररथांच्या किंवा गणपतीच्या तोंडावर यातलं काहीच करू नका, निदान महिनाभर आधी आमच्याकडे या. शहापूर असो, खानापूर असो की निपाणी, येताना मूळ वेव्ह पेनड्राइव्हवर, कव्हर ३,००० × ३,००० पिक्सेलचं आणि जुन्या डॅशबोर्डचा पासवर्ड माहीत असलेला माणूस सोबत आणा.