मळ हे औषध की ऊती? कोलायटिसवरच्या एका उपचाराची पार्श्वभूमी

चौथ्या शतकातल्या चिनी वैद्यकात जुलाबावर मळाचं पाणी पाजल्याचे उल्लेख आहेत. 1958 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला आतड्याच्या जीवघेण्या दाहाच्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या मळाचा एनिमा दिला, ते बरे झाले. 1989 मध्ये एका डॉक्टरने हाच उपाय स्वतःच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर, म्हणजे मोठ्या आतड्याला दाह आणि व्रण होण्याच्या दीर्घ आजारावर, केला आणि तो अनुभव प्रसिद्धही केला. पण स्टिरॉइड हाताशी होती, 1998 नंतर दाह दाबणारी जैविक इंजेक्शनं आली, आणि मळाचा विषय बाजूला पडला.

2013 मध्ये तो परत आला. सी. डिफ या आतड्यातल्या जिवाणूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गावर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीचा निकाल आला; फरक इतका ठळक होता की ती मुदतीआधीच थांबवली होती. त्याच वर्षी अमेरिकी नियामकाने मळाला ‘औषध’ ठरवलं.

घोळ इथूनच सुरू होतो. उपचाराचं नाव ‘प्रत्यारोपण’, म्हणजे रक्तासारखं दात्याकडून मिळालेलं काहीतरी. नियमांत मात्र ते गोळीच्या रांगेत बसलं. औषधाची प्रत्येक बॅच सारखी लागते. मळ तर त्याच दात्याचाही रोज बदलतो. ऊती मानलं असतं तर सारा भर दात्याच्या तपासणीवर राहिला असता, आणि माझ्या मते तेच योग्य होतं. डॉक्टरांनी ओरड केल्यावर त्याच उन्हाळ्यात सवलत मिळाली, ती फक्त औषधांना दाद न देणाऱ्या सी. डिफसाठी. कोलायटिसच्या रुग्णांना नोंदणीकृत चाचणीखेरीज वाट उरली नाही. भीती खोटी नव्हती: 2019 मध्ये प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा मळ मिळून दोन रुग्ण आजारी पडले, एक दगावला. पण दोघेही चाचण्यांमधलेच होते. ‘औषध’ या शिक्क्याने त्यांना वाचवलं नाही. दात्याच्या मळात हे जिवाणू शोधले असते तर हे टळलं असतं.

कोलायटिसवरचा पुरावाही एका सुरात बोलत नव्हता. 2015 मध्ये कॅनडातल्या चाचणीत 24 टक्के रुग्णांचा आजार शमला, तुलनेच्या गटात 5 टक्क्यांचा. पण शमलेल्या नऊपैकी सात जणांना एकाच दात्याचा मळ मिळाला होता. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या चाचणीत ठोस फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये अनेक दात्यांचा मळ एकत्र करून 27 विरुद्ध 8 टक्के, तर 2019 मध्ये ऑक्सिजन टाळून तयार केलेल्या मळाने 32 विरुद्ध 9. दिल्लीतल्या चाचणीने 2022 मध्ये त्याला दाह कमी करणाऱ्या आहाराची जोड दिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मळापासून बनवलेल्या पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली, तीही सी. डिफपुरतीच.