एक प्लाय खोल गेल्यावर चाल बदलते का?

बुद्धिबळाचा प्रोग्रॅम जितका खोल (म्हणजे जितक्या चाली पुढचे) पाहील तितकी चांगली चाल काढेल, हे आज सगळेच गृहीत धरतात. सुरुवातीला मात्र खोलीपेक्षा निवडीवर भिस्त होती. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या लेखात हिशेब मांडला होता: एका स्थितीत सुमारे ३० चाली धरल्या, तर दोन्ही बाजूंच्या एकेका चालीतच हजारभर शक्यता होतात. म्हणून मोजक्या चाली निवडून त्याच खोल तपासाव्यात, असा त्यांचा कल. अडचण अशी की नेमकी हवी ती चाल निवडीतच गळायची. १९७३ च्या सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी ॲटकिन यांनी निवड सोडून सगळ्या चाली तपासायला घेतल्या. अल्फा-बीटा छाटणीमुळे (निकालावर परिणाम करू न शकणाऱ्या शाखा न तपासताच सोडून देण्याची पद्धत) ते आवाक्यात आले होते.

त्याच सुमारास हान्स बर्लिनर यांनी ‘क्षितिज परिणाम’ दाखवून दिला. उंट मरणार हे दिसताच प्रोग्रॅम एखादे प्यादे फुकट देतो, उंटाचे मरण शोधाच्या हद्दीपलीकडे जाते आणि प्रोग्रॅमला वाटते, उंट वाचला. एक-दोन प्लाय (प्लाय म्हणजे एका बाजूची एक चाल) खोल गेले की ही लबाडी उघडी पडते आणि चाल बदलते. पण हद्द फक्त पुढे सरकते, नाहीशी होत नाही. मारामारी निवेपर्यंत शोध लांबवण्याची युक्ती आधीपासून होती, पण तिनेही ही अडचण पुरती मिटत नाही.

खोलीचा फायदा केन थॉम्पसन यांनी थेट मोजला. ‘बेल’ या प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या खोलीच्या आवृत्त्या त्यांनी एकमेकींशी खेळवल्या. कमी खोलीच्या टप्प्यांवर एका जादा प्लायला २०० किंवा त्याहून जास्त इलो गुण (खेळाडूची ताकद मोजण्याचे गुण) मिळत होते. या आकड्यावर फार विसंबू नये. दोन्हींचे बुद्धिबळाचे ज्ञान एकच असल्याने खोल पाहणारीला समोरचीचे सगळे विचार आयते दिसतात.

१९८५ मध्ये मॉन्टी न्यूबॉर्न यांनी प्रश्नच वेगळा विचारला: पुढच्या प्लायला पसंतीची चाल किती वेळा बदलते? माझ्या मते हा प्रश्न जास्त नेमका होता. चाल तीच राहिली, तर जादा शोधाने डावात काहीच फरक पडत नाही. १९९७ मध्ये रॉबर्ट हायट आणि न्यूबॉर्न यांनी ‘क्राफ्टी’ या प्रोग्रॅमला ३४७ स्थितींवर १४ प्लायपर्यंत चालवले, पुढे एर्न्स्ट हाइन्झ यांनी तेच ‘डार्कथॉट’ या प्रोग्रॅमवर केले. बदलाचे प्रमाण आधी झपाट्याने घसरते, पण १४ प्लायलाही दहा टक्क्यांच्या वरच राहते. या प्रयोगांत आणखी एक फरक केला गेला: काही बदल म्हणजे आधी सोडलेल्या चालीकडे परतणे असते, काहींत आजवर कधीच न निवडलेली चाल वर येते.

बदल म्हणजे सुधारणा नव्हे, हेही तेव्हा ठाऊक होते. काही खेळांत खोल शोधाने निर्णय बिघडतो, असे डॅना नाऊ यांनी गणिताने दाखवले होते. बुद्धिबळात तसा अनुभव सहसा येत नाही.

आजच्या इंजिनांशी हे आकडे ताडून पाहण्यात मात्र अर्थ नाही. स्टॉकफिश हे आजचे इंजिन (बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम) ‘३०’ खोली दाखवते तेव्हा बहुतेक चाली त्याच्या कितीतरी आधीच छाटलेल्या असतात.