ग्रेटफुल डेडची ‘भिंत’ आणि आजचा लाइन ॲरे

ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियातल्या रॉक बँडचा १९७४ मधला फोटो पाहिला की आधी वादक दिसतच नाहीत, दिसते ती त्यांच्या पाठीमागची स्पीकरची भिंत. उंच मचाणावर रचलेल्या उभ्या रांगा, त्यांतल्या बेसच्या रांगा सुमारे ३२ फूट उंच. आज मोठ्या मैफलीत स्टेजच्या दोन्ही अंगांना स्पीकरच्या डब्यांची माळ टांगलेली असते, वर सरळ आणि खाली आत वळलेली. तो लाइन ॲरे. दोन्हींत डबे एकावर एक असल्यामुळे ‘डेडची भिंत म्हणजे जगातला पहिला लाइन ॲरे’ असं अनेकदा ऐकू येतं. दोन्हींमागचं भौतिकशास्त्र एकच आहे, एवढ्यापुरतं ते खरं. पण रांगेला दिलेलं काम अगदी वेगळं आहे. भिंतीत वाद्यांचं मिश्रण हवेत व्हायचं. लाइन ॲरेपर्यंत आवाज पोचतो तेव्हा ते मिक्सरवर होऊन गेलेलं असतं.

नावाचा घोळ आधीच मिटवू. ‘वॉल ऑफ साउंड’ हे नाव निर्माता फिल स्पेक्टर याच्या १९६० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रण-शैलीलाही आहे. एकाच सुरावर अनेक वाद्यं आणि वर इको चेंबरचा थर, असं ते स्टुडिओतलं काम. त्याचा या स्पीकरांशी काही संबंध नाही.

डेडची भिंत २३ मार्च १९७४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये पूर्ण रूपात उभी राहिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या विंटरलँड सभागृहातल्या कार्यक्रमांनंतर उतरली. कल्पना बँडचे ध्वनितंत्रज्ञ औझली स्टॅन्ली यांची. अलेम्बिक या कंपनीचे तंत्रज्ञ आणि डॅन हीली यांच्यासारखी बँडची माणसं ती उभारण्यात होती. सुमारे ६०० स्पीकर, त्यांना चालवायला मॅकिंटॉशचे ४८ एमसी २३०० ॲम्प, प्रत्येकात ३०० वॅटचे दोन चॅनेल. म्हणजे २८,८०० वॅट. आज विसर्जन मिरवणुकीतला ट्रकसुद्धा याहून मोठा आकडा सांगतो, त्यामुळे वॅटवरून या भिंतीचं महत्त्व कळणार नाही.

महत्त्व आहे ते वाटणीत. एकूण ११ स्वतंत्र वाटा होत्या. लीड गिटारची रांग वेगळी, रिदम गिटारची वेगळी, पियानोची वेगळी, गळ्यांचा गोलसर गुच्छ मधोमध. फिल लेश यांच्या बेस गिटारच्या चार तारांना तर चार वेगळे चॅनेल. एका स्पीकरमधून एकच वाद्य वाजायचं. याचा फायदा स्पीकरच्या ‘कोन’ची, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या त्याच्या पडद्याची, हालचाल डोळ्यांसमोर आणली की कळतो. बेसची खालची तार ४१ हर्ट्झला थरथरते, त्यासाठी कोन बराच पुढेमागे जातो. त्याच कोनवर गायकाचा आवाज टाकला तर तो त्या हेलकाव्यावर बसून डुगडुगतो, मुळात नसलेले सूर मिसळतात आणि आवाज गढूळ होतो. प्रत्येक वाद्याला स्वतःचा ॲम्प आणि स्वतःचे कोन दिले की हा गढूळपणा निर्माणच होत नाही. गिटारच्या रांगेत आणि पियानोच्या रांगेत वेगळा सिग्नल असल्यामुळे त्या एकमेकींना खोडतही नाहीत.

दुसरं वेगळेपण, भिंत वादकांच्या मागे होती. त्यामुळे स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेले वेगळे स्पीकर, नव्हते. प्रेक्षकांना जे ऐकू यायचं तेच वादकांना. पण माइकही त्याच भिंतीच्या तोंडासमोर, म्हणजे भिंतीचाच आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी बसणार हे ठरलेलं. त्यावरचा उपाय साधा आणि हुशार होता. प्रत्येक गायकापुढे एकसारखे दोन माइक, एकमेकांपासून सुमारे ६० मिलिमीटरवर, एकाची पोलॅरिटी उलटी, म्हणजे त्याचा सिग्नल उलटा करून दुसऱ्यात मिसळलेला. गायकानं वरच्याच माइकमध्ये ओठ लावून गायचं. मागून येणारा भिंतीचा आवाज दोन्ही माइकना जवळजवळ सारखाच मिळतो आणि वजा होतो. गळा मात्र एकालाच जोरात मिळतो, म्हणून उरतो.

वजाबाकी नीट व्हायची तर दोन्ही माइकची संवेदनशीलता तंतोतंत जुळायला हवी. जोडी जराशी बेमेल असली तरी गळती सुरू. गायक दोन्हींच्या मध्ये सरकला की त्याचाच गळा वजा होतो. तोंड थोडं लांब गेलं तर आधी खालचे सूर गळतात, कारण लांब लहरीला ६० मिलिमीटरचा फरक जाणवतच नाही. उरतो तो पातळ, पत्र्यासारखा आवाज. भिंतीवर वाद्यं सुरेख आणि गळे मात्र पोकळ, ही त्या काळची तक्रार इथूनच आली.

आता रांग उभीच का, याकडे येऊ. ही युक्ती १९७४ हून जुनी आहे. शाळेच्या सभागृहात किंवा रेल्वे फलाटावर दिसणारा कॉलम स्पीकर हेच करतो. एकच सिग्नल उभ्या रांगेतून सोडला की वर-खाली जाणारा आवाज एकमेकांत खोडला जातो आणि समोरचा जोडला जातो. छताकडे कमी, माणसांकडे जास्त. एका ठिपक्यातून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतो. लांब रांगेचा आवाज काही अंतरापर्यंत फक्त ३ डेसिबल घटतो.

‘काही अंतरापर्यंत’ हे शब्द विसरले जातात आणि गोंधळ तिथेच होतो. ते अंतर ढोबळमानानं असं काढतात: रांगेच्या उंचीचा वर्ग, गुणिले वारंवारता, भागिले आवाजाच्या वेगाची दुप्पट. ३२ फुटांची, म्हणजे पावणेदहा मीटरची रांग १०० हर्ट्झला सुमारे १४ मीटर आणि १,००० हर्ट्झला जवळपास १४० मीटरपर्यंत आवाज असा धरून ठेवते. बेसच्या रांगा एवढ्या उंच असण्यामागे दिखावा नव्हता. ४१ हर्ट्झची लहर सव्वाआठ मीटर लांब असते, तिला दिशा द्यायची तर रांग तिच्याहून उंच हवी.

दुसरी अट अंतराची. शेजारच्या दोन स्पीकरांच्या केंद्रांमधलं अंतर लहरीच्या निम्म्याहून कमी असेल तरच त्यांचा आवाज एकजीव होतो. १५ इंची स्पीकर एकाला एक चिकटवले तरी ही अट सुमारे ४५० हर्ट्झपर्यंतच पाळली जाते, १२ इंचींची ५६० पर्यंत, ५ इंचींची साधारण १,३५० पर्यंत. त्यापुढे आवाज बोटांसारखा फाकतो: एका पायरीवर झांज कडक, दोन पायऱ्या वर मंद. १०,००० हर्ट्झला तर केंद्रं पावणेदोन सेंटिमीटरवर यायला हवीत. नेहमीचे ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, इतके जवळ रचणं जवळजवळ अशक्यच. भिंत इथे अडते, आणि कितीही स्पीकर वाढवले तरी ही अडचण सुटत नाही.

लाइन ॲरेनं नेमकी हीच गाठ सोडवली. क्रिस्टियन हाइल आणि मार्सेल अर्बन यांनी १९९२ मध्ये व्हिएन्नाच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात रांगेच्या अटी गणितानं मांडल्या, आणि त्यावर बेतलेली व्ही-डॉस्क प्रणाली पुढच्या काही वर्षांत दौऱ्यांवर दिसू लागली. डब्यातल्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरपुढे (वरचे सूर काढणाऱ्या भागापुढे) एक वेव्हगाइड, म्हणजे आवाजाला वाट देणारा साचा, असतं. गोल तोंडातून निघालेला आवाज त्यातल्या सारख्या लांबीच्या वाटांनी फिरतो आणि उभ्या, अरुंद फटीतून सपाट पट्टी होऊन बाहेर पडतो. डब्याला डबा भिडला की पट्टीला पट्टी भिडते. ठिपक्यांच्या ओळीऐवजी सलग रेघ. मध्ये थोडी फट चालते, पण उंचीचा सुमारे ८० टक्के भाग आवाज सोडणारा हवा.

त्यामुळे लाइन ॲरेतली चूक वेगळ्या प्रकारची असते. इथे डबे एकमेकांशी किती अंशांत झुकलेत ते कोन महत्त्वाचे. वरचे डबे लांबच्या प्रेक्षकांसाठी, म्हणून त्यांच्यातला कोन शून्य ते एक अंश. खालचे जवळच्यांसाठी, तिथे पाच-दहा अंशही. क्रम असा: जागेची लांबी आणि उतार लेसरनं मोजायचा, सॉफ्टवेअरमध्ये कोन काढायचे, जमिनीवरच पिना लावून प्रत्येक जोड तपासायचा, मोटरवर उचलायचं आणि वरच्या चौकटीवर कोनमापक बसवून एकूण कल पुन्हा बघायचा. एक पिन चुकीच्या भोकात गेली तर प्रेक्षकांच्या तीन-चार ओळींना झांज ऐकूच येत नाही. एका डब्याचा वरचा ड्रायव्हर जळाला तरी तसाच खड्डा पडतो आणि मिक्सरवरच्या माणसाला तो कळत नाही, कारण तो त्या ओळीत बसलेला नसतो. भिंतीत एखादा ड्रायव्हर मेला तर रांग थोडी अशक्त व्हायची, पण ओळी गायब होत नसत. हवेची वजावट तर दोघांनाही लागू: १०० मीटरवर १०,००० हर्ट्झ साधारण १५ डेसिबल गमावतो, आणि हवा कोरडी-दमट होईल तसा हा आकडा हलतो.

आपल्याकडे कॉलेज गॅदरिंगला किंवा लग्नाच्या लॉनवर स्टँडवर चार-सहा छोटे टॉप (मधल्या-वरच्या सुरांचे डबे) लावून ‘लाइन ॲरे आहे’ असं सांगतात. वरचंच सूत्र लावा: दोन मीटरची रांग १०० हर्ट्झला अर्धा-पाऊण मीटरच धरून ठेवते, ८,००० ला मात्र ४०-५० मीटर. म्हणजे वरच्या सुरांसाठी ती रेघ आहे आणि खालच्या सुरांसाठी साधा ठिपका. पुढच्या खुर्च्यांना आवाज भरदार आणि मागे पातळ, चरचरीत लागतो तो यामुळे. बेस वाढवून हे सुटत नाही, पुढच्यांची फक्त छाती हादरते. लॉन तीस मीटरचं असेल तर दोन चांगले साधे टॉप उंच लावून खाली झुकवणं जास्त बरं.

मिरवणुकीतली डीजेची भिंत तर या दोन्हींत बसत नाही. तिथे सगळ्या टॉपमधून एकच सिग्नल आणि डबे आडवे पसरलेले. डेडच्या भिंतीतली वाटणीही नाही, लाइन ॲरेची सलग रेघही नाही. ट्रकसमोरून दोन पावलं बाजूला सरकलं की आवाजाचा रंग बदलतो, तो कंगव्याच्या दातांसारखा पडलेला खोडाखोडीचा नकाशा.

अलीकडे काही मोठ्या कार्यक्रमांत स्टेजच्या वर दोनाऐवजी पाच रांगा टांगतात: गळा मधल्या रांगेतून, गिटार एका बाजूच्या, पियानो दुसऱ्या बाजूच्या. वाद्यांची वाटणी परत आली, फक्त रांगा आता खऱ्या लाइन ॲरेच्या. पण मग पाचातली प्रत्येक रांग सगळ्या प्रेक्षकांपर्यंत पोचायला हवी. कोपऱ्यातल्या खुर्चीला एखादी रांग कमी लागली, तर तिथे बसलेल्याच्या गाण्यातून ते वाद्यच नाहीसं होतं.