हेडलाइट लावले की तापणारी गाडी

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून आमची जुनी डिझेल पिकअप कोल्हापूरला निघाली होती. साखरपा मागे पडलं, आंबा घाट सुरू झाला आणि तीन-चार वळणं चढलो नाही तोच टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला. रात्रीचे अकरा वाजलेले, हौद्यात माल गच्च भरलेला. दादाने म्हणजे माझ्या चुलतभावाने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, फक्त हेडलाइट बंद केले आणि हातात फडकं घेऊन बोनेट उघडायला उतरला. रेडिएटरच्या झाकणाकडे त्याचा हात जायला लागला तसं मी ओरडलो, "दादा थांब, झाकणाला हात लावू नको!"

कारण मी आत बसून काटा बघत होतो, आणि हेडलाइट बंद झाल्या झाल्या तो काटा लाल पट्टीतून निघून थेट मध्याच्या जवळ आला होता, एका सेकंदात.

आता हे होऊच शकत नाही, आणि का होऊ शकत नाही याचा हिशोब अगदी सोपा आहे. इंजिनमध्ये धरा दीडशे किलो लोखंड आणि सात लिटर पाणी, एवढं सगळं नुसतं एक डिग्रीने थंड करायचं तर जवळजवळ १०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. काटा उतरला तेवढं म्हणजे पंचवीसेक डिग्री उतरवायचं तर २५०० किलोज्यूल. एक किलोवॅटची शेगडी चाळीस मिनिटं पेटवून ठेवली की जेवढी उष्णता निघते तेवढी. ती एका सेकंदात जाईल कुठे? म्हणजे इंजिनचं तापमान होतं तेवढंच होतं, हलला होता तो फक्त काटा. इंजिनमधून रेडिएटरकडे गरम पाणी नेणारा वरचा होज पाइप फडक्यातून दाबून बघितला, गरम होता पण दगडासारखा टणक झाला नव्हता, आत उकळल्याचा आवाज नाही, वाफ नाही. अर्धा तास थांबलो, मग दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून होज दाबून बघत बघत घाट चढलो.

झाकणाचं आधी सांगतो कारण त्यात लोकांचे चेहरे भाजतात. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचीच शिट्टी. आतलं पाणी साधारण ०.९ बार जादा दाबाखाली ठेवलं की ते १०० ऐवजी ११९ डिग्रीपर्यंत उकळत नाही, आणि म्हणूनच घाटात ११० डिग्रीला पोचलेलं इंजिनसुद्धा शांत दिसतं. पण ११५ डिग्रीवर कुणी झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि सात लिटरमधलं जेमतेम दोनशे ग्रॅम पाणी तिथल्या तिथे वाफ होतं. दोनशे ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याची वाफ तीनशे लिटरच्या वर जागा मागते, आणि ती येताना उरलेलं उकळतं पाणी बरोबर घेऊन येते. तेव्हा वरचा होज हाताला मऊ लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही, आणि खरोखर तापलेल्या इंजिनात थंड पाणी तर ओतायचंच नाही, हेडला म्हणजे सिलिंडरवर बसवलेल्या इंजिनच्या वरच्या भागाला चीर जाते.

तर काट्याकडे परत येऊ. डॅशबोर्डवरचा काटा तापमान मोजत नाही, तो करंट मोजतो. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, गरम झाला की त्याचा विरोध कमी होतो, जास्त करंट जातो, काटा वर चढतो. जुन्या गाड्यांमध्ये या सेन्सरला बहुतेक वेळा एकच वायर असते, दुसरी वायर म्हणजे इंजिनचं लोखंडच. आणि नुसता सेन्सर कशाला, हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, केबिनमधला पंखा, सगळ्यांचा करंट बॉडीच्या पत्र्यातून परत बॅटरीच्या मायनसला जातो. आमच्या गाडीत बॅटरीची मायनस केबल गिअरबॉक्सवर आवळलेली आहे आणि तिथून बॉडीला एक विणलेली तांब्याची पट्टी जाते. म्हणजे बॉडीवरचा झाडून सगळा करंट त्या एका पट्टीतून आणि तिच्या एका बोल्टमधून परत येणार.

तो बोल्ट आमच्याकडे गंजला होता. कोकणात समुद्राकडची खारी हवा, चार महिने पाऊस, तांब्यावर हिरवी पूड आणि पत्र्याखाली तांबडा गंज ठरलेलाच. मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट केली जी मला आजवर कुठल्याच गॅरेजमध्ये दिसली नव्हती. मल्टिमीटर व्होल्टवर लावला, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं बॉडीच्या स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर, आणि मला म्हणाले "आता हेडलाइट लाव बघू." मीटरवर १.४ व्होल्ट. दोन्ही टोकं 'मायनस'वरच असताना. चांगल्या गाडीत इथे शून्य पूर्णांक एक, फार तर शून्य पूर्णांक दोन दिसायला हवं. "बोल्टला बोट लाव," म्हणाले. कोमट होता.

जर्मनीच्या जॉर्ज ओहमने १८२७ साली जो नियम छापला तो इथे जसाच्या तसा लागतो. दोन हेडलाइट, टेललाइट, पंखा मिळून बारा अँपिअर धरा, १.४ भागिले १२, म्हणजे त्या गंजलेल्या जोडात ०.१२ ओहमच्या आसपास विरोध. एवढासा विरोध ओहमवर लावलेल्या साध्या मीटरला कळतसुद्धा नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच विरोध त्याहून जास्त असतो, म्हणून बंद गाडीत वायर तपासली की 'कंटिन्युइटी आहे, वायर ओके' असं उत्तर मिळतं आणि गाडी परत तशीच त्रास देते. करंट वाहत असतानाच व्होल्ट मोजायचे, हा त्यातला कळीचा भाग आहे. आणि १.४ गुणिले १२ म्हणजे सतरा वॅट, तेवढी वीज त्या बोल्टमध्ये नुसती उष्णता होत होती म्हणून तो कोमट.

आता काटा का चढायचा तेही यातच आहे. या प्रकारच्या काट्यात दोन गुंडाळ्या असतात, एकीचा करंट सेन्सरमधून इंजिनला जातो, दुसरीचा सरळ बॉडीला, आणि दोघींच्या ओढाताणीत काटा जिथे ठरतो ते आपण तापमान म्हणून वाचतो. हेडलाइट लावले की बॉडीचं शून्य १.४ व्होल्टने वर उचललं जातं, बॉडीकडची गुंडाळी कमजोर पडते, इंजिनकडची तशीच राहते, आणि काटा गरमकडे ओढला जातो. दिवसा सगळं ठीक आणि रात्री गाडी तापते, असं जे दादा वर्षभर सांगत होता आणि कुणाला पटत नव्हतं, ते शब्द न् शब्द खरं होतं. हेडलाइट पिवळट झालेत असंही तो म्हणायचा, तेही त्याच बोल्टचं काम, कारण हॅलोजन दिव्याला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड दहा नाही, जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. घाटात रात्री तीस टक्के उजेड कमी म्हणजे काय ते ड्रायव्हरलाच विचारा.

याआधी एका गॅरेजने 'हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल' असं सांगून वीस हजारांचा अंदाज दिला होता. हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं सील. आणि हे सगळं नुसत्या काट्यावरून. मला याचा मनापासून राग येतो, कारण हेड गॅस्केट गेलंय की नाही हे बघायला हेड उतरवावं लागत नाही. थंड गाडीचं झाकण काढायचं, गाडी चालू करायची आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का बघायचं, झाकण लावून गाडी थंड असताना चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज टणक होतो का बघायचं, ऑइलची पट्टी काढून ऑइल दुधाळ झालंय का बघायचं. अजून शंका असली तर रेडिएटरच्या तोंडावर धरायचं एक निळं औषध मिळतं, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असेल तर ते हिरवट-पिवळं होतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

बोल्ट काढला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पट्टी नवीन टाकली, वर ग्रीस लावलं. मीटरवर १.४ चे ०.०८ झाले.

मला वाटलं संपलं, पण नव्हतं संपलं. पुढच्या आठवड्यात भर दुपारी माल भरून घाट चढताना काटा परत चढला, फक्त यावेळी सावकाश, दहाएक मिनिटं घेऊन, आणि थांबल्यावर उतरायलाही पंधरा मिनिटं लागली. हेडलाइट लावून-बंद करून काही फरक नाही. हा खरा ताप होता. शेगडीचा हिशोब आठवा, खरी उष्णता चढायला आणि उतरायला वेळ घेतेच, म्हणून काटा कुठे पोचला यापेक्षा किती वेळात पोचला आणि कशाबरोबर हलला हे आधी बघायचं.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातला तिसरा हिस्सा, फार तर थोडा जास्त, चाकांकडे जातो, बराचसा सायलेन्सरमधून जातो आणि पाव ते तिसरा हिस्सा पाण्याला मिळतो. म्हणजे दर लिटर डिझेलमागे तीसेक लिटर गार पाणी उकळीला आणण्याएवढी उष्णता रेडिएटरने हवेत टाकायची, तीही घाटात, जेव्हा गाडी हळू आणि डिझेल सगळ्यात जास्त जळतंय.

मिस्त्रीकाकांनी तापमान मोजायची बंदूक रेडिएटरवर फिरवली तेव्हा खालचा एक तृतीयांश भाग बाकीपेक्षा वीस-बावीस डिग्री थंड निघाला. थंड म्हणजे चांगलं असं वाटेल, पण त्याचा अर्थ तिथे गरम पाणी पोचतच नाहीये. गाडी आधी सोलापूरकडची, वर्षानुवर्षं बोरचं पाणी ओतलेलं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलटं असतं, पाणी जितकं गरम तितका कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडून चिकटतो, म्हणजे जिथे थंडावा सगळ्यात जास्त हवा, सिलिंडरभोवती, तिथेच थर जाड. आणि हा थर इंजिनच्या बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या मानाने कितीतरी वाईट उष्णता वाहतो. हीटरच्या कॉइलवर पांढरं कवच बघितलंय ना, तेच. रेडिएटर पितळी होता म्हणून उघडून नळ्यांमध्ये सळी मारता आली, आता त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट आहे.

दुसरी गोष्ट, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह, जागेवर नव्हताच. 'तापते ना, मग वॉल्व्ह काढून टाका' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. बऱ्याच इंजिनांत हा वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात फिरत राहतं. शिवाय बाकी वेळ इंजिन थंड चालतं, डिझेल खातं, लवकर झिजतं. आतली युक्ती मला फार आवडते, एका छोट्या डबीत मेण भरलेलं असतं, मेण वितळलं की फुगतं आणि दांडी ढकलतं, ना वायर ना बॅटरी. नवीन ८२ डिग्रीचा आणला आणि बसवायच्या आधी घरी तपासला. वॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवून तो पातेल्यात पाण्यात लोंबकळत ठेवला, शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. ७० ला काही नाही, ७८ ला काही नाही, ८३ ला दोरा सुटला आणि वॉल्व्ह पातेल्याच्या तळाला टक्क करून पडला. काकू म्हणाल्या, "हे पातेलं आता गॅरेजलाच घेऊन जा."

अजून दोन गोष्टी ज्या आमच्या गाडीत नव्हत्या पण माहीत असाव्यात. जुन्या बऱ्याच इंजिनांत एकच पट्टा वॉटर पंप आणि डायनामो दोन्ही फिरवतो, त्यामुळे चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर तो वायरिंगचा प्रॉब्लेम समजून घरापर्यंत जायचं नाही, पट्टा तुटला असेल तर पाणी फिरायचंही थांबलंय. आणि चढलेला काटा घाटातच अचानक खाली आला तर सुटलो म्हणायचं नाही. पाणी गळून सेन्सर उघडा पडला की तो नुसत्या हवेचं तापमान सांगतो, काटा पडतो आणि इंजिन आत भाजत असतं.

जूनच्या तोंडावर शेवटची खेप घेऊन परत रात्रीचा आंबा घाट चढलो. वर पोचल्यावर बंदूक लावली, वरचा होज ९१, खालचा ७९. शेवटच्या चढावर, समोर कुणी नाही बघून, दादाने हायबीम लावला, डिम केला, परत लावला, आणि प्रत्येक वेळी दोघांनी काट्याकडे बघितलं. तो मध्यावरच होता.